वरचे घर, खालचे घर

आरे कॉलनी म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे झाडे येतात. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीच्या वेळी झाडे तोडली गेली आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ती तोड थांबवली. तेव्हापासून देशभर आरेची ओळख जंगल अशीच झाली आहे. त्या झाडांबद्दल आम्हांलाही आस्था आहे. पण आम्ही जे या कॉलनीतल्या वस्त्यांत राहतो, त्यांचा रोजचा संबंध झाडांपेक्षा गटाराशी अधिक येतो. गटारावर कोणी मोर्चा काढत नाही. गटारावर भांडणे होतात आणि तीही शेजाऱ्याशेजाऱ्यांत.

मुळात आरेचा जन्मच एका अर्थाने गटाराच्या प्रश्नातून झाला. मुंबई शहरात दाट वस्तीत म्हशींचे गोठे होते. त्यांचे शेण-मूत रस्त्यावरच्या गटारांत जाई. हे गोठे शहराबाहेर हलवावेत म्हणून १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावच्या टेकड्यांत सुमारे तेराशे हेक्टर जमिनीवर ही दूध वसाहत उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. त्या आधीपासून येथे आदिवासींचे पाडे होतेच. शहराने आपली घाण उचलून डोंगरावर आणून ठेवली. पण पाणी डोंगरावरून पुन्हा शहराकडेच वाहते, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे आम्ही नंतर येऊ.

आमच्या गल्लीत सात घरे आहेत, उतारावर एकाखाली एक. चार मुसलमानांची, दोन कोकणातल्या मराठी माणसांची आणि एक तबेल्यात काम करणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या कुटुंबाचे. डाव्या हाताने एकच गटार जाते. दीड वीत रुंद, हातभर खोल, वर कडप्प्याच्या लाद्या. ज्याने त्याने आपापल्या दारापुढे आपल्या ऐपतीप्रमाणे ते बांधले, त्यामुळे कोठे सिमेंट, कोठे विटा, एका ठिकाणी तर नुसती मातीच. सगळ्यांत वर एक वृद्ध नानी एकट्या राहतात. सगळ्यांत खाली सिंधुदुर्गातले निवृत्त काका आहेत. आमचे घर चौथे. बरोबर मध्ये. काकांच्या घरापुढे वीस फुटांवर नाला आहे, त्यात गटार पडते.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबले आणि पाणी काकांच्या घरात शिरले. हे दरवर्षीचेच. दरवर्षी काका सळई आणि फावडे घेऊन स्वतः लाद्या उचलायचे, तासाभरात पाणी वाहते करायचे आणि कोणाला काही बोलायचे नाहीत. या वेळी त्यांनी वेगळे केले. सहाव्या घराच्या हद्दीवर विटा आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ठासून गटारच बंद केले. अर्ध्या तासात पाणी सहाव्या घरात, मग पाचव्या, मग आमच्या मोरीतून उलटे वर आले. सगळे जण छत्र्या घेऊन खाली धावलो. काका दारात उभे होते. आम्हांला म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं तुमचं पाणी माझ्या घरात झोपायला येत होतं. आज एक रात्र तुमच्याकडे झोपू दे."

त्या रात्री विटा निघाल्या, पण बरेच वाईट बोलून झाल्यावर. गल्लीतले एक भाईजान म्हणाले की ज्याच्या दारात तुंबते त्याने साफ करावे, हा साधा नियम आहे. भांडणात हेच वाक्य चार वेगवेगळ्या तोंडांतून आले आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. दुसऱ्या दिवशी डोके शांत झाल्यावर या 'साध्या नियमा'कडे आम्ही नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की कचरा, गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या उतारावरून वाहत जाऊन सर्वांत खालीच अडणार. म्हणजे हा नियम दिसायला सर्वांना सारखा, पण तो लागू होणार फक्त काकांना. वरच्या सहा घरांना तो कधीच लागू होणार नाही.

हुजूर पैगंबर (स.) यांची एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की कोणी कोणाला नुकसान पोहोचवू नये आणि नुकसानाची परतफेडही नुकसानाने करू नये. त्या रात्री आमच्यापैकी अनेकांनी तिचा दुसराच भाग काकांना ऐकवला. पहिला भाग कोणासाठी आहे, हे कोणी विचारले नाही.

कायदा काय म्हणतो हेही आम्ही शोधले. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आहे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी निसर्गक्रमाने खालच्या जमिनीवर वाहू देणे हे खालच्या मालकाचे बंधन तो मानतो. पण कोणी दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा नळ नेण्याचा हक्क उपभोगत असेल, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च हक्क उपभोगणाऱ्याने करायचा आणि दुरुस्तीअभावी खालच्याचे नुकसान झाले तर भरपाईही त्यानेच द्यायची, असेही तो सांगतो. काकांची बाजू कायद्यात होती. पण हा कायदा मालकांसाठी आहे आणि आमच्या गल्लीत मालक कोणीच नाही. जमीन सरकारची. गटारासाठी अर्ज घेऊन गेलो तर एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. जेथे कोणाचेच काही नाही तेथे कोणाचे कर्तव्य किती, हे कोणत्या हिशेबाने ठरवायचे?

याच सुमारास 'मजल्ला'चा उर्दू तर्जुमा आमच्या हाती आला. उस्मानी तुर्कस्तानने १८६९ ते १८७६ या काळात अहमद जौदत पाशा यांच्या अध्यक्षतेखाली हनफी फिकहच्या आधारे दिवाणी कायद्याची एक संहिता तयार केली. तीच ही. अठराशेवर कलमे आहेत. त्यांत सामाईक कालवे आणि सामाईक गटारे यांच्या सफाईचा नियम वाचून आम्ही थक्क झालो. कालव्याची सफाई वरून सुरू करायची. कालव्याच्या मुखाशी सर्व शेतकरी खर्चाचे वाटेकरी, कारण सर्वांचे पाणी तेथूनच येते. पहिले शेत ओलांडले की पहिला शेतकरी मोकळा. असे करत करत अगदी शेवटच्या तुकड्याचा खर्च एकट्या शेवटच्या शेतकऱ्याचा. गटाराचे बरोबर उलटे. त्याची सफाई खालून सुरू करायची. सर्वांत खालच्या तुकड्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा, कारण सर्वांचे पाणी तेथून जाते. ते घर ओलांडून वर गेले की खालचा मोकळा. वरच्या घराला मात्र आपल्या दारापासून तळापर्यंतच्या प्रत्येक तुकड्यात वाटा द्यावा लागतो.

म्हणजे जे पाणी आमच्या दारातून पुढे गेले, ते आमच्या नजरेआड झाले तरी आमच्याच खात्यावर आहे. ही गोष्ट त्या फकीहांनी किती सरळ व्यवहारी भाषेत सांगून ठेवली आहे! शेजाऱ्याच्या हक्कांवर आम्ही जुम्म्याच्या खुतब्यात पुष्कळ ऐकले आहे. शेजाऱ्याला वारस करतात की काय असे वाटावे इतकी ताकीद जिब्रईल (अ.) देत राहिले, ही हदीसही पाठ आहे. पण ती ऐकताना आमच्या मनात येतो तो ईदला शीरखुर्म्याचा वाडगा पाठवायचा शेजारी. फूटफूट मोजून ज्याचे देणे लागतो असा शेजारी मनात येत नाही.

आम्ही सातवीच्या वर्गात गणित घातले. सात घरे, गटाराचे सात तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या सफाईला ४२० रुपये. एक ते सात या सर्व आकड्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या म्हणून ४२० घेतली होती, पण चारशेवीस ऐकताच वर्ग हसला. सारखी वाटणी केली तर प्रत्येकी ४२०. मजल्लाच्या रीतीने केली तर सर्वांत खालच्या घराला फक्त ६०, त्याच्या वरच्याला १३०, मग २१४, चौथ्याला ३१९, मग ४५९, ६६९ आणि सर्वांत वरच्या घराला १०८९. बेरीज दोन्हीकडे २९४०. मुलांनी उत्तरे बरोबर काढली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, सबसे ऊपरवाले का पानी सबसे ज्यादा गंदा होता है क्या?"

या प्रश्नाने आमचा सगळा उत्साह उतरवला. आमच्या गल्लीत सर्वांत वर नानी. एकटा जीव, दिवसाला दोन हंडे पाणी. तिसऱ्या घरात दोन मजले, भाडेकरू धरून अकरा माणसे आणि कपडे धुण्याचे यंत्र. मजल्लाप्रमाणे नानींनी १०८९ द्यायचे आणि तिसऱ्या घराने ४५९. नानींच्या कानावर हा हिशेब कोणीतरी घातलाच. त्या दारात येऊन म्हणाल्या, "बेटा, मेरी दो हंडी पानी का इतना?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग बराच विचार केला. फिकहमध्येच दुसरे तत्त्व आहे की ज्याला फायदा त्याला भुर्दंड. त्यावरून माणसागणिक वाटणी करावी, नळागणिक करावी, असे हिशेब मांडून पाहिले. प्रत्येकात कोणीतरी चुकीचा सुटत होता. शेवटी आम्ही एका दुपारी पावसात नानींच्या घरामागे जाऊन उभे राहिलो तेव्हा दिसले की नानींचे घर सर्वांत वरचे नाहीच. त्यांच्या मागून टेकडीचे पाणी, रस्त्याचे पाणी, तबेल्याकडून येणारा शेणाचा ओघळ, सगळे त्यांच्या दारापुढच्या गटारात पडते. त्यांच्या तुकड्याला त्या एकट्याच वाटेकरी, हे गृहीतच खोटे होते. त्यांच्या वर सरकार आहे, तबेला आहे, डांबरी रस्ता आहे. हे वरचे वाटेकरी कोणाच्या बैठकीला येत नाहीत आणि म्हणून त्यांचा वाटा दोन हंडे पाणी वापरणाऱ्या बाईवर टाकायला कागदावर काही अडचण पडत नाही. नियम बरोबर होता. वरचे टोक कोठे आहे हे पाहण्यात आमची चूक झाली होती.

येथे आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही मध्यस्थ म्हणून वावरत होतो ते आमच्या घराच्या जागेमुळे. चौथ्या घराला दोन्ही हिशेबांत फारसा फरक पडत नाही. ४२० काय आणि ३१९ काय. ज्याचे फार जात नाही त्याला न्यायबुद्धी सोपी जाते.

आता पैशापलीकडचे. आधीची दोन-तीन वर्षे काकांना मदत म्हणून आम्ही वर्गणी काढून एका माणसाला बोलावत होतो. त्याने तीन हजार मागितले की अडीच हजारांवर आणायचो. तो उघड्या हातांनी गाळ काढायचा. पाणी मागितले तर आमच्या घरातून त्याला प्लास्टिकच्या बाटलीत दिले जाई आणि ती बाटली परत घेतली जात नसे. 'राहू दे तुलाच,' असे म्हणत आम्ही ते औदार्यात बसवत होतो. मुसलमानांत शिवाशिव नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो. सफाई करणाऱ्यांना 'हलालखोर', म्हणजे हक्काची कमाई खाणारा, हे नाव अकबर बादशहाने रूढ केले असे अबुल फजल लिहितो. मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्यातही हा शब्द होता आणि मैला उचलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कराला हलालखोर कर म्हणत. नाव इतके सन्मानाचे, तरी त्या नावाच्या मुसलमान बिरादरीशी सोयरीक करायला आमच्यातले किती जण तयार झाले? गाडगेबाबा गावात शिरताच खराटा हाती घेत, हे सांगताना काकांचा आवाज भरून येतो. पण गाडगेबाबांची गोष्ट सांगणारे आम्ही सगळे आणि गटारात उतरणारा तो एकटाच.

याहून वाईट पुढे आहे. तिसऱ्या घराने वर संडास बांधला तेव्हा त्याची नळी सरळ गटारात सोडली. यावरून गल्लीत त्यांना नावे ठेवली जात, आम्हीही ठेवली. परंतु गटारात संडासाची दुसरी एक नळी आहे, ती आमची. अम्मींचे गुडघे गेले, सार्वजनिक शौचालय गल्लीच्या खाली, रात्री-अपरात्री उतार उतरणे त्यांना जमेना, म्हणून आम्ही मोरीच्या बाजूला आडोसा करून भांडे बसवले आणि नळी लादीखालून गटाराला जोडली. लादीखाली ती दिसत नाही. माणसांकडून मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. उघड्या गटारात मैला सोडला जातो आणि तो तेथून हाताने साफ करावा लागतो, अशा संडासालाही तो अस्वच्छ शौचालय ठरवतो. म्हणजे अडीच हजारांत आम्ही त्या माणसाकडून काय करून घेत होतो, याला कायद्यात नाव आहे. सात घरांनी खर्च कितीही न्यायाने वाटला तरी ते काम त्याच्याकडून करून घेण्याचा हक्क विकत मिळत नव्हता.

बुखारीत जहाजाची हदीस आहे. एका जहाजात काही लोक वर आणि काही खाली. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे, वरच्यांना त्रास होई. म्हणून खालच्यांनी ठरवले की आपल्याच भागात एक भोक पाडावे. वरच्यांनी त्यांना रोखले नाही तर सगळेच बुडतील, असा तिचा आशय. काकांनी विटा लावल्या तेव्हा ही हदीस आम्हांला आठवली होती आणि खालच्यांचे अविचारी भोक म्हणूनच आठवली. आता वाटते, आमच्या गल्लीत भोक वर पडले होते आणि बुडत खालचे होते.

आमची गल्ली तरी कोणाच्या वर आहे? आमच्या बाजूचे नाले मिठी नदीला मिळतात, पलीकडच्या उताराचे ओशिवऱ्याला. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीला जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुर्ल्याच्या नदीकाठच्या वस्त्यांत हे पाणी माणसांच्या डोक्यावरून गेले. नदी अरुंद का झाली, कोणी भराव टाकले, विमानतळाखाली ती कशी वळवली, यावर नंतर पुष्कळ लिहिले गेले आणि तो दोष मोठ्यांचाच आहे. तरीही मजल्लाची रीत लावली तर कुर्ल्यातल्या त्या घरांपुढे आम्ही आरेतले सगळे वरच्या घरचे ठरतो. आमचा वाटा माहीमपर्यंत जातो. तो किती, हे आम्हांला मांडता येत नाही. ४२० ने तेथे भाग जात नाही.

या वर्षी मे महिन्यात बैठक झाली. ठरले ते असे. माणूस बोलवायचा नाही, सातही घरांनी स्वतः उतरायचे. आमची नळी आम्ही त्याआधी पंधरा दिवस सिमेंटने बंद केली. अम्मी आता भिंतीला हात लावत खाली जातात, रात्री आमच्यापैकी एक जण बॅटरी घेऊन बरोबर असतो. पहिल्या रात्री त्या अर्ध्या वाटेत थांबून म्हणाल्या, "अपने गुनाह का बोझ मेरे घुटनों पे क्यों?" यावरही आमच्याकडे उत्तर नव्हते. आपल्याच खोलीत लहानशी बंदिस्त टाकी बांधण्याचा अंदाज काढला आहे, पैसे जमले की काम सुरू होईल. तिसऱ्या घराची नळी अजून चालू आहे. त्यांच्याकडेही अंथरुणाला खिळलेले वडील आहेत. सफाईच्या दिवशी त्यांनी पाणी सोडले नाही, इतकेच झाले.

काम फजरनंतर सुरू केले. कोठून सुरू करायचे हे काकांनी दाखवले. नाल्याच्या मुखापाशी, सर्वांत खाली. त्यांना मजल्ला ठाऊक नव्हता, इतक्या वर्षांत सळईने शिकवले होते. हातमोजे आणि गमबूट आणले होते, तरी दहा मिनिटांत दोघे उलटी करून बाजूला बसले. त्यांतले एक आम्ही. जोहरपर्यंत आम्ही नानींच्या दारापर्यंत पोहोचलो. नानींकडून काही घ्यायचे नाही असे ठरले होते, पण त्यांनी शंभराची नोट काकांच्या खिशात कोंबली आणि मेरा हिस्सा म्हणून दार लावून घेतले.

गाळाच्या तेवीस गोण्या भरल्या. गटाराच्या काठावर ठेवल्या तर पहिल्या पावसात पुन्हा आत जातील, म्हणून उचलून वर रस्त्याच्या कडेला रचल्या. तीन दिवस त्या तेथेच होत्या, वास येत होता, येणारेजाणारे नाक धरून आमच्या गल्लीकडे बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी एक गाडी येऊन त्या घेऊन गेली. कोठे नेल्या, हे आम्ही विचारले नाही.